काचेची नळी आणि वीस मिनिटे : हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणाऱ्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
मुक्काम नागपूर

सन्माननीय सदस्यांनो,

सप्रेम नमस्कार.

विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी आमच्या शहरात भरवायचे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले. विदर्भाचे म्हणणे सरकारच्या कानावर जवळून पडावे हा त्यामागचा हेतू. त्या दिवसांत टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर मोर्चे येतात, निवेदने दिली जातात. माझ्यामागे संघटना नाही आणि मोर्चाला माणसेही नाहीत. शिवाय मला जे सांगायचे आहे ते तुमच्याइतकेच तुमच्या मतदारसंघातल्या शेतकऱ्यांनी, मजूर बायांनी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी वाचायला हवे. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. नोकरीतली बहुतेक वर्षे नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत गेली. पावसाळा लागला की सर्पदंशाचे रुग्ण यायचे आणि त्यांचे रक्त माझ्या हातातून जायचे. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास बंद पडतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर जाते. घोणसीला आमच्याकडे परड म्हणतात. हे पत्र परडीच्या दंशाबद्दल आहे, आणि तो ओळखण्याचे सगळ्यांत स्वस्त साधन, साधी काचेची नळी, आपल्या रुग्णालयांतून कसे निघून गेले त्याबद्दल आहे.

गेल्या दसऱ्यानंतर सोयाबीनची सवंगणी चालू होती. माझी भावजय वावरात कापलेले पीक उचलून गंजीवर टाकत होती, तेव्हा तिच्या मनगटाला परड चावली. घरच्यांनी काहीच चुकीचे केले नाही. कोणी जखम कापली नाही, चोखली नाही, दोरी आवळली नाही, मांत्रिकाचे नावही काढले नाही. हात हलू दिला नाही आणि तासाभराच्या आत तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथे जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, दुखणे कमी व्हावे म्हणून कमरेत आणखी एक सुई टोचली, आणि ‘नागपूरला न्या’ अशी चिठ्ठी हातात ठेवली. प्रतिविष त्या रुग्णालयात होते. ते दिले गेले नाही. रक्त गोठते आहे का, हेही कोणी पाहिले नाही. वाटेतून भावाचा फोन आला, “ताई, हिच्या हिरड्यातून रक्त येऊन राह्यलं. सुई मारली तिथूनही थांबत नाही.” नागपुरात पोहोचल्यावर प्रतिविष लगेच सुरू झाले, पुरेसे दिले गेले. तोवर मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती गेली. मागे दोन शाळकरी मुले आहेत.

मी त्या रुग्णालयाचे नाव इथे लिहीत नाही. त्या रात्री तिथे एकच डॉक्टर होते आणि बाळंतपणाची केसही तेच बघत होते. एका माणसाला दोषी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. पण नंतर मी तिथे गेले, जुनी ओळख होती म्हणून प्रयोगशाळेत बसले, आणि विचारले की रक्त गोठते का हे पाहायची वीस मिनिटांची चाचणी का झाली नाही. उत्तर मिळाले, “मॅडम, काचेच्या टेस्ट ट्यूब आता मागवतच नाही. सगळे प्लास्टिकच्या व्हायलमध्ये जाते.” रक्ततपासणी बाहेरच्या कंपनीकडे गेली आहे. सकाळी नमुने गोळा होतात, रिपोर्ट नंतर येतो. रात्री प्रयोगशाळेला कुलूप. काचेच्या नळ्या जुन्या पद्धतीच्या म्हणून मागणीपत्रातून वगळल्या गेल्या. कोणीतरी कागदावर एक ओळ खोडली असेल, इतकीच ती गोष्ट. हा निर्णय मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही ते नीट समजावून सांगणे मी माझे काम समजते.

आपल्या रक्तात गोठण्याचे घटक असतात. जखम झाली की एक घटक दुसऱ्याला जागे करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी फायब्रिनोजेन नावाच्या प्रथिनाचे धागे होऊन गुठळी बनते. परडीच्या विषात असे पदार्थ असतात की ते यातल्या दहाव्या आणि पाचव्या घटकाला थेट चालू करतात. फुरशाचे विष पुढची पायरी गाठते, ते प्रोथ्रोम्बिन नावाच्या घटकावर काम करते. परिणाम एकच. जखम नसताना सगळ्या शरीरात गोठण्याची क्रिया सुरू होते आणि फायब्रिनोजेन संपत जाते. खालून झरा येण्याच्या आधीच मोटर लावून विहीर उपसावी, तसे होते. ज्या रक्तात गोठण्याची घाई झाली त्याच रक्तात थोड्या वेळाने गोठायला काही उरत नाही. मग हिरड्या, नाक, लघवी, सुई टोचलेली जागा, जुनी बुजलेली जखम, कुठूनही रक्त येते. सगळ्यांत भीतीचा रक्तस्राव डोक्यातला. त्याच वेळी मूत्रपिंडांना मार बसतो, लघवी कमी होते, आणि माणूस डायलिसिसवर जातो. क्वचित उलटेही होते. गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकून लकवा मारतो.

यातले बरेचसे बाहेरून दिसायच्या आधी रक्तात घडून गेलेले असते. रुग्ण बोलतो, चालतो, पाणी मागतो, आणि त्याचे रक्त मात्र गोठत नसते. म्हणून ती चाचणी. रुग्णाच्या शिरेतून दोन मिलिलिटर ताजे रक्त काढायचे, नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचे, नळी वीस मिनिटे न हलवता उभी ठेवायची, आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठले असेल तर ते जागचे हलत नाही. वाहिले, तर विष रक्तात उतरले आहे आणि प्रतिविष सुरू करायचे आहे. मशीन लागत नाही, वीज लागत नाही, रसायन लागत नाही. भिंतीवरचे घड्याळ लागते. साप कोणता होता हे कोणी पाहिले नसले तरी आपल्याकडे हा निकाल प्रतिविष सुरू करायला पुरतो, कारण ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रच बनवलेले असते. काठीने मारलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणायची गरज नाही. ते आणताना दुसरा माणूस चावून घेतो.

काचच का, हेही सांगते, कारण ‘प्लास्टिकमध्ये काय बिघडते’ असे मला विचारले गेले आहे. काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागले की गोठण्याची साखळी सुरू होते. चाचणी त्यावरच उभी आहे. साध्या प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचे रक्तसुद्धा वीस मिनिटांत गोठेल याची खात्री नाही. जांभळ्या टोपीच्या व्हायलमध्ये तर रक्त गोठू नये म्हणून औषधच घातलेले असते. त्यात ही चाचणी केली तर प्रत्येक रुग्ण विषबाधेचा ठरेल. साबणाने धुतलेली जुनी काचेची नळीही चालत नाही, धुण्याच्या पावडरीचा अंश काचेवर राहतो आणि निकाल बिघडतो. म्हणून नळी नवी हवी. नोकरीत असताना मी रुग्णाच्या नळीशेजारी त्याच्या नातेवाइकाच्या रक्ताची नळीही उभी करत असे. एक गोठली आणि एक वाहिली, की डॉक्टरांना आणि घरच्यांना वेगळे काही सांगावे लागत नसे.

ही चाचणी शंभर टक्के अचूक नाही, असे कोणी तुम्हाला सांगेल. ते खरे आहे. श्रीलंकेत यावर अभ्यास झाले आहेत. शिकवलेल्या हातांनी ठरल्या पद्धतीने केली तेव्हा तिने बहुतेक रुग्ण पकडले, कशीतरी केली गेली तिथे निम्मेसुद्धा पकडले नाहीत. यातून चाचणी सोडून द्या असे निघत नाही, हात शिकवा असे निघते. मोठ्या रुग्णालयात रक्त किती गोठते हे प्रोथ्रोम्बिन टाइम, आयएनआर, फायब्रिनोजेन अशा तपासण्यांनी मोजता येते आणि ते जास्त चांगले. पण भिवापूरच्या किंवा नरखेडच्या आडगावातून निघालेल्या माणसाला पहिल्या दारात ते मिळत नाही. त्याला पहिल्या दारात काचेची नळी मिळू शकते.

आता तक्रारी सांगते.

पहिली, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी, ही की प्रतिविष असूनही पहिला डोस न देता रुग्ण पुढे पाठवला जातो. यामागे निष्काळजीपणापेक्षा भीती जास्त आहे, हे मी आतून पाहिले आहे. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून तयार होते. काहींना त्याची जोरदार रिॲक्शन येते, अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो. रात्री एकट्या डॉक्टरला वाटते की आपल्या हातून काही झाले तर गावकरी दवाखाना फोडतील. पण त्या रिॲक्शनवरचे औषध ॲड्रेनालिन आहे. ते स्वस्त आहे, मांडीच्या स्नायूत द्यायचे असते, आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात असायलाच हवे. प्रतिविष सुरू करण्याआधी ते भरून शेजारी ठेवायचे, आणि रुग्णावरची नजर काढायची नाही. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर, नारायणगावला डॉ. सदानंद राऊत, मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी लहान गावांतल्या दवाखान्यांतून वर्षानुवर्षे सर्पदंशावर उपचार केले. मोठे शहर जवळ नसतानाही हे जमते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. सरकारी डॉक्टरला कमी आहे ती सरावाची, आणि आपल्यामागे कोणी उभे राहील या भरवशाची.

वेळेचा हिशेबही पाहा. प्रतिविष रक्तात फिरणारे विष बांधून टाकते, पण संपलेले फायब्रिनोजेन परत आणत नाही. ते यकृताला नव्याने बनवावे लागते आणि त्याला साधारण सहा तास लागतात. म्हणून पहिल्या दहा कुप्या दिल्यावर सहा तासांनी पुन्हा नळी उभी करायची, रक्त वाहिले तर पुढचा डोस. पहिला डोस जितका उशिरा, तितके हे सहा तास उशिरा सुरू होतात. ग्रामीण रुग्णालयाच्या दारापासून नागपूरच्या वॉर्डातल्या खाटेपर्यंत जो वेळ जातो, त्यात विष आपले काम करत असते. रुग्णवाहिका कितीही वेगात गेली तरी ते थांबत नाही.

दुसरी तक्रार सुईची. परडीच्या दंशानंतर कमरेत किंवा दंडात वेदनाशामक इंजेक्शन देणे घातक आहे. रक्त गोठत नसेल तर स्नायूच्या आत रक्त साठत जाते. वर डायक्लोफेनॅकसारखी औषधे मूत्रपिंडांवर भार टाकतात, आणि तीच मूत्रपिंडे विषाने आधीच अडचणीत असतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्या. धनुर्वाताचे इंजेक्शनही रक्त गोठू लागेपर्यंत थांबू शकते. ही गोष्ट प्रत्येक सिस्टरला माहीत असायला हवी. इंजेक्शन दिले नाही तर काहीच केले नाही असे नातेवाइकांना वाटते, तो दबाव मला ठाऊक आहे. तो परतवायला दारावर लावलेला एक फलकसुद्धा मदत करतो.

तिसरी. नळीत पहिल्यांदा रक्त गोठले म्हणून रुग्णाला घरी सोडले जाते. विष दंशाच्या जागेतून हळूहळू उतरते. सकाळी चांगले असलेले रक्त दुपारी गोठत नाही. प्रतिविषाने सुधारलेले रक्तही कधी कधी पुन्हा बिघडते. चोवीस तास देखरेख आणि पुन्हा पुन्हा चाचणी, हा नियम आहे. खाटा कमी आहेत म्हणून तो मोडता येत नाही.

चौथी. रक्त गोठत नाही म्हणून आधी प्लाझ्मा, म्हणजे गोठण्याचे घटक असलेला रक्तातला द्रव भाग, चढवायचा आणि प्रतिविषाचे नंतर बघायचे, असेही मी पाहिले आहे. विष रक्तात मोकळे असताना बाहेरून घातलेले घटकही ते संपवते. प्लाझ्माला त्याची जागा आहे, पण ती प्रतिविषाच्या नंतरची.

पाचवी तक्रार मोजणीची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत सर्वोच्च प्राधान्याने घातले, आणि २०३० पर्यंत मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणायचे ध्येय ठेवले. भारतातल्या मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवरून काढलेला अंदाज सांगतो की २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० . ज्या दंशांत साप ओळखला गेला होता, त्यांतले ४३ टक्के एकट्या घोणसीचे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्व राज्यांना कळवले की सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण आणि प्रत्येक मृत्यू कळवणे सक्तीचे करा. कर्नाटकाने त्याच्याही आधी ते केले होते. मोजणी कशी चुकते ते माझ्या घरात दिसले. भावजयीच्या कागदावर मृत्यूचे कारण म्हणून मेंदूतला रक्तस्राव लिहिला गेला, सर्पदंशाचा उल्लेख घरच्यांनी आग्रह धरल्यावर झाला. डायलिसिसवर महिनाभराने गेलेला माणूस मूत्रपिंडाच्या आजाराने गेला असे लिहिले जाते. कागदावर साप नसेल तर पुढच्या वर्षीच्या प्रतिविषाच्या मागणीतही तो नसतो, आणि कुप्या ऐन सोयाबीनच्या हंगामात संपतात.

कागदाचा दुसरा फटका मदतीला बसतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. साप चावतो तो निंदणाला, सवंगणीला, कापूस वेचायला गेलेल्या मजुराला, आणि त्याच्या नावावर सातबारा नसतो. मक्त्याने, म्हणजे दुसऱ्याचे वावर भाड्याने घेऊन, शेती करणाऱ्याच्याही नावावर नसतो. माझा भाऊ मक्त्यानेच करतो.

सहावी, जिवंत राहिलेल्यांची. प्रतिविषाने रक्त गोठू लागले की रुग्ण बरा झाला असे समजून कागद बंद होतो. काहींची मूत्रपिंडे कमजोरच राहतात. घोणसीच्या विषाने मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी निकामी होते, असेही रुग्ण दक्षिण भारतात आणि म्यानमारमध्ये नोंदले गेले आहेत. कधी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी अशा माणसाला सतत थकवा येतो, थंडी सोसत नाही, बायकांची पाळी बंद होते. गावात म्हणतात, साप चावल्यापासून याच्यात काही रामच राहिला नाही. ते आळस किंवा मनाचे खेळ नसतात, ती संप्रेरकांची कमतरता असते आणि तिच्यावर रोजच्या गोळ्यांचा उपचार आहे. पण तपासायला कोणी बोलावतच नाही.

प्रतिविषाबद्दलही एक म्हणणे आहे. देशात ते बनवायला लागणारे विष मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतल्या इरुला सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवले आहे. विदर्भातल्या परडीवर हे औषध किती कुप्यांत काम करते, ते इथल्याच सापांचे विष घेऊन तपासायला हवे. हाफकिनसारखी प्रतिविष बनवणारी सरकारी संस्था महाराष्ट्राकडे आहे, नागपुरात पशुविज्ञान विद्यापीठ आहे, एम्स आहे, दोन जुनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. यांना एका टेबलावर बसवणे तुमच्या हातात आहे.

आणि एक गोष्ट आरोग्य खात्याच्या बाहेरची. अधिवेशनाच्या दिवसांतच रब्बीचे ओलित चालू असते. पंपाची वीज रात्री आली की शेतकरी अंधारात धुऱ्यावरून चालत पाणी वळवायला जातो. परड रात्री हिंडते आणि थंडीतही बाहेर असते. दिवसा वीज ही सर्पदंश टाळण्याचीही मागणी आहे, ती या बाजूनेही मोजा.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि पहिल्या तीनला तर खर्चही म्हणण्यासारखा नाही.

एक, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात नव्या काचेच्या टेस्ट ट्यूब प्रतिविषाच्या कुप्यांसोबत एकाच ट्रेमध्ये, चोवीस तास हाताशी असाव्यात. कुलूपबंद प्रयोगशाळेत नकोत. चाचणी तंत्रज्ञावर अवलंबून ठेवू नका, ड्युटीवरची सिस्टर ती करू शकते. बाहेरच्या कंपनीशी करार काहीही असो, ही चाचणी त्याच खोलीत झाली पाहिजे.

दोन, रक्त गोठत नसेल किंवा विषबाधेची इतर लक्षणे असतील तर पहिला डोस सुरू केल्याशिवाय रुग्ण पुढे पाठवू नये. पाठवताना चिठ्ठीवर दंशाची वेळ, चाचणीची वेळ आणि निकाल, दिलेल्या कुप्या आणि पुढची चाचणी कधी करायची, हे चार रकाने भरलेले असावेत. आज चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच ओळ असते, आणि पुढच्या डॉक्टरला सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.

तीन, दरवर्षी मृग लागण्याआधी वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि १०८ रुग्णवाहिकांवरच्या डॉक्टरांचे प्रत्यक्ष सरावाचे प्रशिक्षण घ्या. ॲड्रेनालिन द्यायचा सराव त्यात हवाच. रात्री एकट्या डॉक्टरला वरिष्ठांशी बोलता यावे म्हणून जिल्ह्याचा एक फोन कायम चालू असावा, आणि नियमाप्रमाणे उपचार करणाऱ्याच्या पाठीशी प्रशासन उभे राहील असा लेखी आदेश काढा.

चार, प्रत्येक रुग्ण आणि मृत्यू कळवला जावा, आकडे तालुकावार जाहीर व्हावेत, मृत्यूच्या दाखल्यात सर्पदंश हे मूळ कारण म्हणून लिहिले जावे, मृत्यू कितीही दिवसांनी झाला तरी.

पाच, अपघात योजनेत सातबारा नसलेले शेतमजूर आणि मक्तेदार यांना घ्या.

सहा, रक्तावर विष गेलेल्या प्रत्येक रुग्णाला तीन महिन्यांनी आणि वर्षाने मूत्रपिंड आणि गरजेप्रमाणे संप्रेरकांच्या तपासणीसाठी बोलवा.

तुमच्याकडे तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. तुम्हा ३६६ सदस्यांपैकी एकानेही या अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांना एवढे विचारले तरी सुरुवात होईल, की राज्यातल्या किती प्राथमिक आरोग्य केंद्रांत आज रात्री काचेची नळी हाताशी आहे. उत्तर सभागृहाच्या पटलावर येऊ द्या, तालुक्यांच्या नावांसह.

माझ्याकडून एक गोष्ट देऊ करते. नागपूर जिल्ह्यातल्या ज्या आरोग्य केंद्राला ही चाचणी शिकून घ्यायची असेल तिथे मी माझ्या खर्चाने येईन आणि मानधन घेणार नाही. सिस्टरांना शिकवायला एक दुपार पुरते. नळ्या तेवढ्या तुम्ही द्या.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
नागपूर